व्हॉल्व्हला नुसतं ‘उघड’ सांगू नका

ठिबकचं ऑटोमेशन म्हटलं की चर्चा सेन्सरवरच सुरू होते. आधी ठरवायचं असतं ते वेगळंच: निरोप पोचला नाही तर काय? विहिरीवरच्या कंट्रोलरपासून बागेच्या टोकाच्या व्हॉल्व्हपर्यंत लोरा रेडिओ (कमी विजेत लांब पोचणारा), मध्ये निरोप पुढे देणारे दोन-तीन नोड, म्हणजे रेडिओ असलेल्या छोट्या पेट्या. व्हॉल्व्हवरही असाच नोड. यात एखादा निरोप हरवणारच.

‘उघड’ पोचलं आणि ‘बंद’ वाटेत गेलं, तर पाणी रात्रभर चालू. म्हणून हुकुमातच मुदत घालावी: व्हॉल्व्ह ३, उघडा, ९५ मिनिटं, हुकूम क्रमांक ४१७. मुदत संपली की व्हॉल्व्ह कुणाला न विचारता बंद. तोच क्रमांक पुन्हा आला तर फक्त पोच द्यायची, घड्याळ नव्याने सुरू करायचं नाही. कंट्रोलरने हा क्रमांक कायमच्या मेमरीत ठेवावा. नाहीतर वीज जाऊन आल्यावर तो १ पासून मोजू लागतो, नोड ‘जुना हुकूम’ म्हणून दुर्लक्ष करतात आणि आपण अँटेना तपासत बसतो. दर वेळी लिहून मेमरी झिजवायची गरज नाही. शंभर क्रमांकांचा गठ्ठा एकदम राखून ठेवावा आणि रीस्टार्टनंतर पुढच्या शंभरापासून सुरू करावं.

लॅचिंग व्हॉल्व्ह, म्हणजे विजेचा एक झटका (पल्स) मिळाला की त्याच स्थितीत राहणारा व्हॉल्व्ह. त्याला बंद व्हायलाही पल्स लागतो. बॅटरी उतरली तर तो उघडाच राहतो. म्हणून बंद करण्यापुरता व्होल्टेज शिल्लक नसेल, तर नोडने उघडायलाच नकार द्यावा.

दहा-पंधरा नोडसाठी राउटिंग टेबल (कोणता निरोप कुठल्या वाटेने न्यायचा याची यादी) वगैरे थाट कशाला? मर्यादित फ्लडिंग पुरतं: ज्याने निरोप ऐकला, त्याने तो पुढे पाठवायचा. प्रत्येक निरोपाला ३ उड्या, म्हणजे तो जास्तीत जास्त तीनदा पुढे पाठवला जातो. नोड शेवटचे १६ निरोप लक्षात ठेवतो आणि ऐकलेला निरोप पुन्हा पाठवत नाही. मात्र पुढे पाठवण्याआधी यादृच्छिक थांबा हवाच, कारण एकाच वेळी ऐकलेले दोन नोड एकाच वेळी बोलले की दोन्ही निरोप वाया जाऊ शकतात. १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थवर २० बाइटचा निरोप एसएफ ९ ला (एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर: तो वाढवला की रेंज वाढते, पण निरोप हळू जातो) सुमारे १८५ मिलिसेकंद घेतो, तेव्हा थांबा ० ते १.५ सेकंद ठेवावा. तीन उड्या जायच्या, तीन यायच्या, म्हणजे पोच यायला १० सेकंदही लागू शकतात. दोन सेकंदांत पुन्हा पाठवलं तर आपणच हवा तुंबवतो. १२ सेकंद थांबावं. रेंज वाढावी म्हणून एसएफ १२ केलं की तोच निरोप १.३ सेकंद खातो आणि हे सगळं गणित कोलमडतं. त्यापेक्षा अँटेना पिकाच्या वर न्यावी, उसात तर नक्कीच.

आता मोटर. मोटर चालू असताना उघडा असलेला शेवटचा व्हॉल्व्हही बंद झाला, की दाब चढून सबमेनचे (ठिबकच्या नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपचे) जोड सुटतात. म्हणून मोटरची मुदत व्हॉल्व्हच्या मुदतीपेक्षा २ मिनिटं कमी. पाळी बदलताना आधी पुढचा व्हॉल्व्ह उघडायचा, सबमेनवरच्या प्रेशर स्विचने पाणी आल्याचं सांगितलं की मगच मागचा बंद. नुसत्या पोचेवर विसंबू नये. ती पल्स गेल्याचं सांगते, पाणी गेल्याचं नाही. स्टार्टरचा ऑटोस्विच (वीज आली की आपोआप मोटर सुरू करणारा) तर काढूनच टाकावा किंवा कंट्रोलरच्या रिलेमागे घ्यावा. थ्री फेज आली की तो मोटर चालू करून मोकळा होतो, आणि व्हॉल्व्ह अजून बंदच असतात.

वर ९५ मिनिटं कुठून आली? डाळिंबाचं ४.५ × ३ मीटर अंतर, दिवसाचं बाष्पपर्णोत्सर्जन (जमीन आणि पानांतून उडणारं पाणी) ६ मिमी, पीक गुणांक (त्यातला पिकाचा वाटा) ०.७, ओलित क्षेत्र ४० टक्के, कार्यक्षमता ९० टक्के: झाडाला सुमारे २५ लिटर. ताशी ४ लिटरचे ४ ड्रीपर, म्हणजे ९५ मिनिटं. वेळ पाणी वाहिल्याची मोजायची. चाळीसाव्या मिनिटाला वीज गेली, तर परत आल्यावर ५५ मिनिटांचा नवा हुकूम, नव्या क्रमांकाने.

आणि ओलाव्याच्या सेन्सरला वेळ कमी करायचा अधिकार द्यावा, वाढवायचा नाही. काळ्या जमिनीला भेग पडली की सेन्सरभोवती हवा शिरते. शेजारी चांगला वाफसा असतानाही तो ‘कोरडं’ सांगत राहतो.