जहाजाचा ताशी दर काढताना

फॅक्टरीत माझं काम मशीन अवर रेट काढायचं. प्रेस असो की लेथ, तासाला किती पडते ते मी अर्ध्या दिवसात सांगते. त्याच भरवशावर एम.ए.च्या प्रबंधाला विषय निवडला: फ्रिगेट (मोठी, शस्त्रसज्ज युद्धनौका) आणि गस्तीनौका यांचा चालवण्याचा खर्च. चाळिशीनंतर संरक्षणशास्त्राला प्रवेश घेतला म्हणून घरच्यांनी आधीच कपाळाला हात लावला होता, त्यात हे. गाइड मॅडम म्हणाल्या, "आकडे मिळणार नाहीत हं." मी मनात म्हटलं, ऑडिटरला तरी कुठे सगळे मिळतात.

दोन जहाजं पक्की केली. एक शिवालिक, माझगाव डॉकमध्ये बांधलेली, 2010 साली नौदलात आलेली, सुमारे 6200 टनांची फ्रिगेट. दुसरी सरयू, गोवा शिपयार्डची, 2013 ची, सव्वादोन हजार टनांच्या आसपासची गस्तीनौका. एक मुंबईची, एक गोव्याची. तेव्हा वाटलं होतं, निम्मं काम झालं.

पहिला महिना अर्थसंकल्पात गेला. नौदलाचा महसुली खर्च 2077 या मुख्य शीर्षाखाली असतो. त्यात पगार आणि भत्ते वेगळे, स्टोअर्स वेगळे, वाहतूक वेगळी, 'रिपेअर्स अँड रिफिट', म्हणजे दुरुस्ती आणि जहाजाची मोठी डागडुजी, वेगळं. सगळं नीट, पैशापैशाचं. पण ही विभागणी खर्चाच्या प्रकाराची आहे, जहाजाची नाही. आमच्याकडे कॉस्ट सेंटर म्हणतात ते इथे नाहीच. मी सरळ एकूण रक्कम घेऊन टनांच्या प्रमाणात वाटली. मॅडमनी कागद पाहिला आणि विचारलं, "मग जड जहाज महाग, हे सिद्ध करायला प्रबंध कशाला?" गप्प बसले.

मग माहितीचा अधिकार. दहा रुपये भरून अर्ज टाकला. उत्तर वेळेत आलं आणि कलम 8 दाखवून एका परिच्छेदात संपलं. खरं सांगायचं तर रागही आला नाही. कुठलं जहाज वर्षातून किती दिवस समुद्रात असतं आणि किती तेल जाळतं, हे मी तरी कुणाला का सांगेन?

म्हणजे आता खालून वर बांधत जायचं. इंजिनं कोणती, ताकद किती, माणसं किती. एवढं उघड मिळतं.

शिवालिकवर दोन डिझेल इंजिनं आणि दोन एलएम 2500 गॅस टर्बाइन. एका वेळी एकच जोडी चालते. रमतगमत जायचं तर डिझेल, पळायचं तर टर्बाइन. एक टर्बाइन पूर्ण ताकदीने चाललं की ढोबळमानाने तासाला 5 टन तेल. दोन म्हणजे 10. वर्षात 120 दिवस समुद्रात धरले, चोवीस तासांनी गुणलं, टनाला 80,000 रुपये धरले. 230 कोटी! नुसतं तेल. त्या रात्री मी स्वतःवर भलती खूश होते.

दुसऱ्या रविवारी मामाकडे गेले. मामा नौदलात इंजिनरूममध्ये होता, आता निवृत्त होऊन मालवणात असतो. शीट दाखवली. त्याने चष्मा कपाळावर चढवला, कागद लांब धरला आणि इतका हसला की मामी आतून विचारायला आली.

"अगो, जहाज म्हणजे काय रिक्षा आसा? दिवसरात टर्बाइनार कोण चलयतलो?"

मग त्याने समजावलं. वेग दुप्पट केला तर ताकद दुप्पट नाही, साधारण आठपट लागते. म्हणून गस्तीचं जहाज पंधरा-सोळा नॉट्सला (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) चालतं आणि टर्बाइनला हात लागतो तो सरावात किंवा कुणाच्या मागे धावायचं असेल तेव्हा. हेच मला नंतर दुसरीकडून कळलं. अमेरिकेच्या काँग्रेसच्या बजेट ऑफिसने 2010 साली काही जहाजांचा आयुष्यभराचा खर्च मांडला होता. त्यात लिटोरल कॉम्बॅट शिप, म्हणजे किनाऱ्याजवळ लढायची छोटी युद्धनौका, तेव्हा नवी होती; तिच्यासाठी त्यांनी तेलाचा एक आकडा दिलाच नाही, वेगवेगळे अंदाज दिले. कारण ते जहाज किती वेळ किती वेगाने धावेल, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या शीटमध्ये वेगाचा रकानाच नव्हता.

तो घातला आणि गंमत झाली. सोळा नॉट्सला शिवालिकला साधारण साडेचार मेगावॉट लागतात. सरयूला चार. मी तीनदा तपासलं. जहाज पावणेतीनपट जड आणि पुढे ढकलायला जेमतेम बारा-तेरा टक्के जास्त? मामाला फोन केला. तो म्हणाला, "लांब जहाज आसा ता. लांब जहाज पाणी कमी फाडता." 142 मीटर विरुद्ध 105 मीटर. शिवाय फ्रिगेट 32 नॉट्ससाठी घडवलेली, सोळा म्हणजे तिच्यासाठी चालणं. सरयूची धाव पंचवीसपर्यंत, तिला सोळाला थोडा दम लागतो.

फरक पडतो तो जनरेटरात. रडार, सोनार, ते सगळं थंड ठेवणारं एसी, अडीचशे माणसांचं पाणी आणि जेवण. जहाज जागच्या जागी उभं असलं तरी हे चालूच. मामाचं एक वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवलंय: "धावताना किती खाता ता विचारू नको. उभा ऱ्हवल्यार किती खाता ता विचार."

जनरेटर धरून आणि टर्बाइनचे शंभर तास वर घालून फ्रिगेटचं तेल आलं 39 कोटी, गस्तीनौकेचं 23. कुठे 230 आणि कुठे हे.

माणसांचा हिशेब सोपा. फ्रिगेटवर अडीचशे, गस्तीनौकेवर शंभर-सव्वाशे. दर माणशी वर्षाला 12 लाख धरले: मूळ पगार, मिलिटरी सर्व्हिस पे, भत्ते, रेशन, गणवेश सगळं मिळून. 30 कोटी आणि 14 कोटी. बारा लाख हा माझा अंदाज, पण तो दोन्हीकडे सारखाच असल्याने गुणोत्तराला फारसा धक्का नाही.

इथपर्यंत 69 विरुद्ध 37. दुपटीलाही कमी.

आणि मग रिफिट. इथे मी तीन आठवडे अडकले.

सरयूवर 76 मिलिमीटरची तोफ, झपाट्याने गोळ्या झाडणाऱ्या दोन एके 630 तोफा आणि एका हेलिकॉप्टरची सोय. शिवालिकवर तीच तोफ, शिवाय जहाजविरोधी क्षेपणास्त्रं, विमानं पाडणारी रशियन श्टिल आणि इस्रायली बराक क्षेपणास्त्रं, पाणतीर, पाणबुडीविरोधी रॉकेटं, दोन हेलिकॉप्टरं. प्रत्येकाचा मूळ उत्पादक वेगळा, सुटे भाग वेगळ्या देशातून. आमच्या फॅक्टरीत एका जर्मन मशीनचं एक कार्ड जळलं की आठ आठवडे लाइन बंद असते, त्यामुळे या यादीकडे पाहून मला नुसता घाम फुटला. रिफिट लांबतात, हे कॅगने वेळोवेळी लिहिलंच आहे. पण एका जहाजाच्या एका रिफिटचं बिल बाहेरच्या माणसाला कोण दाखवणार?

शेवटी आमच्या धंद्यातली जुनी युक्ती: खरेदी किमतीच्या टक्केवारीत देखभाल. मार्च 2023 मध्ये अकरा नव्या गस्तीनौकांचा करार 9,781 कोटींना झाला, म्हणजे एक सुमारे 890 कोटींना. शिवालिकच्या पुढच्या पिढीच्या सात फ्रिगेट, निलगिरी वर्गाच्या, साधारण 45,000 कोटींच्या. एक जवळपास 6,400 कोटींना. माझी जहाजं जुनी, पण आजच्या भावात मोजायचं तर याहून जवळचं काही हाती नव्हतं. खरेदीत सातपट फरक. देखभाल वर्षाला 1 टक्का धरली तर एकूण खर्च 133 विरुद्ध 46 कोटी, जवळपास तिप्पट. 2 टक्के धरली तर 197 विरुद्ध 55, साडेतीनपट. एका सेलमधला आकडा 1 चा 2 केला की अख्खं चौथं प्रकरण बदलत होतं. मी ते तसंच लिहिलं आणि दोन्ही तक्ते शेजारीशेजारी छापले. लपवून करायचं काय?

लहान जहाज म्हणजे स्वस्तच, या माझ्या उरल्यासुरल्या समजुतीला धक्का दिला तो अमेरिकेच्याच अनुभवाने. त्यांच्या नौदलाचा खर्च जहाजवार नोंदलेला असतो, हेवा वाटावा असा. तिथे 2018 च्या आसपासचे आकडे सांगतात की सत्तरेक माणसांची लिटोरल कॉम्बॅट शिप वर्षाला सुमारे 7 कोटी डॉलर खाते आणि तीनशेवर माणसांची आर्ले बर्क विनाशिका 8.1 कोटी. माणसं कमी केली, तर देखभाल गेली कंत्राटदारांकडे. पगाराच्या रकान्यातून पैसे उठले आणि कंत्राटाच्या रकान्यात जाऊन बसले. आमच्याकडे कॅन्टीन बाहेर दिलं तेव्हा अगदी हेच झालं होतं.

कुठल्या कामाला कुठलं जहाज, हे प्रकरण मात्र पटकन झालं. जानेवारी 2024 मध्ये सरयूच्याच वर्गातल्या सुमित्राने छत्तीस तासांच्या आत सोमालियाच्या पूर्वेकडे दोन इराणी मच्छीमार बोटी चाच्यांच्या तावडीतून सोडवल्या. 1 टक्का देखभाल धरली तर त्यासाठी फ्रिगेट पाठवायला दिवसाला 1 कोटी 11 लाख लागले असते, सुमित्रा 38 लाखांत. पण त्याच दिवसांत तांबड्या समुद्रात क्षेपणास्त्रं आणि ड्रोन उडत होते. तिथे सुमित्राकडे त्यांना पाडायला क्षेपणास्त्र नाही, आणि माझ्या शीटमध्ये त्यासाठी रकाना नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी एकच प्रश्न विचारला. "120 दिवस कशावरून? 90 करा बघू." तिथेच लॅपटॉप उघडला. फ्रिगेट महिनाभर जास्त बंदरात राहिली तर वर्षाचे वाचतात जेमतेम 8 कोटी, पण समुद्रातला एक दिवस 1 कोटी 11 लाखांवरून 1 कोटी 39 लाखांवर जातो. गस्तीनौकेचा 38 वरून 45 लाखांवर. सरांनी आकडे त्यांच्या डायरीत टिपून घेतले आणि म्हणाले, झालं.

स्पायरल केलेली एक प्रत मालवणला पाठवली. आठ दिवसांनी मामाचा फोन. वाचलंस का विचारलं, तर म्हणाला, तक्ते तेवढे वाचले.

"सगळा बरा आसा. पण हेलिकॉप्टराचा तेल खंय?"

मी प्रत काढून पानं उलटली. कुठेच नव्हतं.