थकवेराव, नमस्कार!

तोक्योत नवीन असताना एक शब्द दिवसातून पन्नास वेळा कानावर पडायचा. लिफ्टमध्ये, जिन्यात, फोन उचलल्यावर, मेलच्या पहिल्या ओळीत: ‘ओत्सुकारेसामा देसु’. मला वाटलं, ‘नमस्कार’ असेल. मग कळलं की यातला ‘त्सुकारे’ म्हणजे थकवा. त्याच्या पुढे आदराचा ‘ओ’, मागे आदराचं ‘सामा’. म्हणजे आपल्याकडे कुणी जिन्यात भेटल्यावर ‘थकवेराव, नमस्कार’ म्हणावं, तसं काहीसं.

आमच्या पुण्याच्या ऑफिसात ‘दमले बाई’ म्हटलं की दोनच अर्थ निघायचे. एकतर काम टाळतेय, नाहीतर राजीनामा देतेय. इथे निदान थकव्याला घरचा मान आहे, असं वाटून मी खूश झाले. त्या भरात एका संध्याकाळी आमच्या काचोंना, म्हणजे सेक्शनच्या साहेबांना, ‘गोकुरोसामा देसु’ म्हणून मोकळी झाले. अर्थ जवळपास तोच, पण तो वरच्याने खालच्याला म्हणायचा. साहेबाची पाठ थोपटून ‘शाब्बास, छान केलंत हो’ म्हटल्यासारखं झालं. ते हसले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा मात्र श्वास अडकला.

तर, गेल्या जानेवारीतली गोष्ट. आम्ही एका कारखान्याची जुनी स्टॉकची सिस्टिम बदलत होतो. कारखाना बंद असतो तो गोल्डन वीकला, एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा. त्याच दिवसांत अदलाबदल करायची होती, तारीख हलणं शक्य नव्हतं. आम्ही नऊ जण. ओव्हरटाइमला इथे २०१९ पासून कायद्याने मर्यादा आहे, साधारणपणे महिन्याला ४५ तास आणि वर्षाला ३६०. पण माणूस तास भरण्याच्या आधीच संपतो. लोक मेल तीनदा वाचत होते आणि उत्तर चुकीच्या माणसाला पाठवत होते. मीही एकदा चाचणीचा डेटा समजून भलताच डेटा पुसला. बॅकअप होता म्हणून निभावलं.

वरून हुकूम आला: टीमचा उत्साह वाढवा. उपाय ठरलेला, नोमिकाई, म्हणजे ऑफिसची पिण्याची बैठक. गुरुवारी रात्री इझाकायात, म्हणजे इथल्या खाण्यापिण्याच्या अड्ड्यावर, बसलो. वर्गणी प्रत्येकी, मी संत्र्याचा रस पिणार तरी तेवढीच. वरच्या मोठ्या साहेबांनी भाषण केलं, आम्ही टाळ्या वाजवल्या, मग घड्याळं बघत शेवटच्या गाडीसाठी पळालो. शुक्रवारी दोघे आजारी. एकूण काय, थकलेल्या माणसांना आणखी एक काम मिळालं, त्याचे पैसेही त्यांनीच भरले. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकार आणि उद्योगांनी मिळून ‘प्रीमियम फ्रायडे’ काढला होता, महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी तीनला घरी जा म्हणून. नेमका महिनाअखेर, जेव्हा हिशोब बंद करायचे असतात! ज्याने तो दिवस निवडला, त्याने महिनाअखेरीला काम केलं नसावं.

आमच्या काचोंनी सोमवारी भाषण केलं नाही. त्यांनी साप्ताहिक अहवालाची मीटिंग रद्द केली. दर सोमवारी नऊ ते साडेदहा नऊ माणसं एकच एक्सेल पडद्यावर बघत बसायची, आणि ते एक्सेल बनवायला शुक्रवारची दुपार जायची. ‘मला हवं ते मी तुमच्या टेबलाशी येऊन विचारीन,’ एवढंच म्हणाले. मग सहाला कोट घालून निघाले. इथे साहेब बसला की सगळे बसतात. पहिले दोन दिवस कुणी हललं नाही. तिसऱ्या दिवशी मी उठले. म्हटलं, परदेशी असण्याचा कधीतरी फायदा घ्यावा.

तिसरी गोष्ट मला आधी पोरकट वाटली. दुपारी तीनला त्यांनी लॅपटॉपवर रेडिओ तायसो लावायला सुरुवात केली. पियानोवरची कवायत, जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची, तेरा हालचाली. १९२८ साली टपाल खात्याच्या विमा विभागाने हे रेडिओवर सुरू केलं. आज चालतं ते रूप १९५१ चं, आणि सकाळी साडेसहाला रेडिओवर ते अजून लागतं. इथली मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत गळ्यात कार्ड अडकवून बागेत जातात, कवायत केली की कार्डावर शिक्का. त्यामुळे ते आमच्या सूर्यनमस्कारांसारखं हाडांत मुरलेलं. माझ्या समोरचे पन्नाशीचे गृहस्थ चक्क वैतागून स्क्रीनकडेच बघत होते. पण पियानोचे पहिले सूर वाजले आणि त्यांचे दोन्ही हात आपोआप वर गेले. नजर कोडवर, हात छताकडे! ते स्वतःच दचकले. मग कोपऱ्यातला कुणीतरी फुसकन हसला, आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्या खोलीत हसण्याचा आवाज झाला.

कवायतीने जोम आला असं मी म्हणणार नाही. माझी पाठ अजून दुखते. पण तीनला सगळे उभे राहिले की कोण किती पिचलंय ते दिसायचं. उड्यांच्या वेळी एक मुलगा नुसता खांदे हलवत होता. काचोंनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याची दोन कामं यादीतून काढून जुलैत ढकलली. त्याच संध्याकाळी मला त्यांच्या तोंडून ‘ओत्सुकारेसामा’ ऐकू आलं, त्या मुलाला म्हटलेलं, थांबून, त्याच्याकडे बघून. रोजचाच शब्द, पण या वेळी मला त्यातला थकवा ऐकू आला.

मेमध्ये सिस्टिम सुरू झाली. दोन दिवस लेबलं उलटी छापत होती, बाकी ठीक.

जूनमध्ये मी दहा दिवस पुण्याला जाऊन आले. रजेहून परतताना टीमसाठी खाऊ आणायचा आणि ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला’ म्हणायचं, ही इथली रीत. खाऊ एकेक वेगळा वेष्टनात असलेला बरा. मी नेली बाकरवडी, एकच मोठं पाकीट. शेजारच्या बाईंनी न बोलता नऊ टिश्यू पेपर मांडले, प्रत्येकावर मोजून तीन बाकरवड्या, आणि वर पिवळी चिठ्ठी लावली: ‘तिखट आहे, जपून.’

दुपारी तीनची कवायत करून परतले तर माझ्या टेबलावर रिकामं पाकीट घडी घालून ठेवलेलं. त्यावर तीच चिठ्ठी, खाली दुसऱ्या अक्षरात भर घातलेली: ‘संपली. पुन्हा रजेवर कधी जाणार?’