मोजणीची टेप

नागपूरच्या इंदोऱ्यातल्या आमच्या वस्तीत गेल्या उन्हाळ्यात टेप घेऊन चार माणसे आली आणि घरांच्या भिंती मोजू लागली. मालकी हक्काच्या पट्ट्यांचीच, म्हणजे घराखालची जमीन नावावर करून देणाऱ्या कागदांसाठीचीच मोजणी असेल असे समजून बायांनी त्यांना आधी पाणी दिले. कोणत्या कार्यालयातून आलात, असे विचारताच मात्र टेप मुकाट्याने गुंडाळली गेली. दुसऱ्या दिवशी चौकातल्या टपरीवर भाव फुटला, खोलीमागे सात लाख.

11 डिसेंबर 2022 रोजी मेट्रो इंदोऱ्यावरून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत धावू लागली. मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंना 500 मीटरपर्यंत जादा चटईक्षेत्र, म्हणजे तेवढ्याच जागेवर जास्त बांधकामाची परवानगी मिळते, हे बिल्डरांच्या दलालांना आमच्या कितीतरी आधी ठाऊक होते. ज्या जागेकडे नाली बांधायलाही कोणी फिरकत नव्हते, ती एकाएकी मोक्याची ठरली.

अमेरिकेत 1930 च्या दशकात सरकारी यंत्रणेनेच शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात, म्हणजे कर्जासाठी धोकादायक दाखवल्या. घरखरेदीतील हा भेदभाव 1968 च्या कायद्याने बेकायदा ठरला. पण तोवर त्या वस्त्यांतील घरांची किंमत पडली होती, आणि अशा पडेल भावाच्या जागांवरच पुढे सट्टा लागतो. वंश आणि जात एक नव्हे, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच मांडून ठेवले आहे, त्यामुळे ही तुलना मी जपूनच करतो. तरीही आमच्याकडे नकाशा रंगवावा लागत नाही. पत्ता सांगितला की समोरच्याला जात कळते, आणि कर्जाचा अर्ज टेबलावर जरा जास्तच दिवस पडून राहतो.

दलालाला हवे असते कोऱ्या संमतीपत्रावर एकेकट्याची सही. म्हणून विहारातल्या बैठकीत ठरले की एकट्याने सही करायची नाही, आणि कागद आला की तो आधी सर्वांसमोर मोठ्याने वाचायचा. घरटॅक्सच्या पावत्या, जुनी वीजबिले आणि 1971 च्या झोपडपट्टी कायद्याखाली वस्ती घोषित झाल्याची प्रत एका पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे. पेटीची किल्ली दोघींकडे असते. शेजारच्या मुलाला मात्र सात लाख घेऊन मोकळे व्हायचे आहे. बापाच्या डायलिसिसचा खर्च तो कसा भागवतो हे मला माहीत असल्याने त्याला दोष देण्याचे धाडस मला होत नाही.

पट्ट्यांची खरी मोजणी अजून व्हायची आहे. त्या दिवशी कामावर खाडा कोणी करायचा, त्यांची नावे विहाराच्या फळ्यावर खडूने लिहिलेली आहेत. त्यात त्या मुलाचेही नाव आहे.