तपोवनाची वाट : आकाशगंगा ओढा सकाळीच ओलांडावा

पुण्यातील ट्रेक-संयोजकांनी आम्हाला दिलेल्या माहितीपत्रकात उत्तराखंडातील गोमुखाच्या वरच्या तपोवनाच्या वाटेवरील आकाशगंगा ओढ्याविषयी ‘घोट्याइतके पाणी, केव्हाही ओलांडता येते’ एवढेच लिहिले होते. हे विधान धोकादायक आहे. गोमुखाअलीकडच्या भोजबासा या मुक्कामाहून त्यांच्याच वेळापत्रकानुसार उशिरा निघून, ट्रॉलीतून भागीरथी पार करून आणि दगडधोंड्यांच्या राशी तुडवून आम्ही भर दुपारी ओढ्यापाशी पोहोचलो, तेव्हा पाणी मांडीपर्यंत चढलेले होते आणि तळाचे धोंडे पायाखालून सरकत होते. दोर बांधून देण्यासाठी तेथेच जादा पैसे मागण्यात आले, म्हणून दोराचा खर्च ठरलेल्या रकमेत धरला आहे, हे निघण्यापूर्वी लेखी घ्यावे.

दिवसभराच्या उन्हाने वितळलेल्या बर्फाचे पाणी दुपारनंतर ओढ्याला येते आणि पहाटे ते सर्वांत कमी असते. हेच चक्र सुमारे 30 किलोमीटर लांबीच्या गंगोत्रीसारख्या हिमनदीच्या तळाशीही चालते. पृष्ठभागावरचे पाणी भेगांतून खाली उतरते, तळाशी त्याचा दाब वाढतो, बर्फाचे काही वजन ते पाणीच पेलू लागते, खडकाशी होणारे घर्षण घटते आणि बर्फ अधिक वेगाने घसरतो. मात्र पाणी जितके जास्त तितका वेग जास्त, हे खरे नाही. पुण्यात वळवाच्या पहिल्या सरीत तुंबलेली गटारे रस्त्यावर तळी करतात, त्याप्रमाणे उन्हाळ्याच्या आरंभी हिमनदीखालच्या अरुंद पोकळ्यांत पाणी कोंडते. पुढे वाहत्या पाण्याच्या उष्णतेने बर्फात मोठे बोगदे कोरले जातात, दाब उतरतो आणि पाणी भरपूर असूनही वेग मंदावतो. म्हणून एकूण पाण्यापेक्षा त्याची अचानक होणारी वाढ महत्त्वाची ठरते. जुलै 2006 मध्ये ग्रीनलंडमध्ये बर्फावरील एक मोठे तळे सुमारे एक किलोमीटर जाडीच्या बर्फातून दोन तासांच्या आत रिकामे झाले आणि तेथील बर्फ मीटरभर वर उचलला गेला. वितळण्यामुळे हिमालयातील हिमनद्या वर्षानुवर्षे अधिक वेगाने धावू लागतील, अशी कल्पनाही करू नये. बर्फ पातळ झाला की त्याला उतारावरून खेचणारा जोरच कमी होतो, आणि त्यांपैकी बऱ्याच हिमनद्यांचा वेग प्रत्यक्षात घटला आहे.

सिंहगड न थांबता चढणाऱ्यांना गंगोत्री ते भोजबासा हे चौदा किलोमीटर जड जाणार नाहीत. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. गोमुखाकडे दिवसाला 150 जणांनाच सोडतात, त्यामुळे परवाना आधी काढावा आणि तपोवनापर्यंतच्या परवानगीची स्वतंत्र चौकशी करावी. भोजबासाहून उजाडण्यापूर्वी निघावे. ओढा किती वाजता ओलांडणार, याचे नेमके उत्तर जो संयोजक देत नाही, त्याच्याबरोबर जाऊ नये. तपोवन सुमारे 4,400 मीटरवर आहे. तेथून परततानाही सकाळीच उतरावे, आणि निघण्यास उशीर झाला तर दुपारी पाण्यात पाय घालण्यापेक्षा वरच एक मुक्काम वाढवावा, त्यासाठी एका दिवसाचा जादा शिधा पुरेल असे सामान आधीच बांधावे.