मंडईत गेलेली दुपार
आज पुण्याच्या मंडईत स्केचिंगला गेले होते. आर्किटेक्चरच्या या सेमला आमचा डिझाइनचा प्रोजेक्ट म्हणजे पब्लिक लायब्ररी आणि तिला जोडून लोकांना बसायची जागा. आता लायब्ररीसाठी मंडई कशाला असं मैत्रीण म्हणालीच, पण १८८६ ची ही इमारत, आधीचं नाव रे मार्केट, अजून रोज वापरात आहे, लोकांना आत कसं घ्यायचं ते हिच्याकडूनच शिकावं ना! मधे अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून चहूकडे फाकलेल्या लांब शेड, त्यामुळे कुठूनही या, थेट आत शिरता, एकच भारी मेन गेट वगैरे काही नाही. छत उंच, दगडी बांधकाम, भर दुपारी पण आत बरं वाटतं. एका मावशींनी स्वतःहून गाळ्याच्या कडेला टेकायला जागा दिली, तिथे बसूनच सगळी स्केचेस झाली, खूप छान वाटलं.

घरी येऊन पहिलं काम केलं, प्लॅनमधली कंपाउंड वॉल काढून टाकली आणि तिथे रस्त्याकडे तोंड करून लांबच लांब ओटा दिला, वर चांगली खोल पडवी, म्हणजे पुस्तक न घेणारा माणूस पण पावसात तिथे बसू शकेल. ज्युरीत, म्हणजे परीक्षक डिझाइन तपासतात तेव्हा, सिक्युरिटीचं विचारतीलच. विचारू देत, ओटा राहणार!