थोरॉन उणे आला!

घरातल्या हवेतले रेडॉन आणि थोरॉन हे किरणोत्सारी वायू मोजायला ९० दिवस टांगलेले पिनहोल कप (बारीक छिद्रांनी जोडलेले दोन कप्पे) परवा उतरवले. आतल्या एलआर-११५ च्या (अल्फा कणांच्या खुणा टिपणाऱ्या लाल) फिल्म एच केल्या, म्हणजे कॉस्टिक सोड्यात थर खरवडून खुणा उघड्या केल्या, त्या खुणा म्हणजे ट्रॅक मोजले, पहिल्या कप्प्यातून दुसऱ्याचे वजा केले आणि थोरॉन चक्क उणे! पहिल्या कप्प्यापेक्षा दुसऱ्यात ट्रॅक जास्त. ५५.६ सेकंदांचा अर्धायुकाल असलेला थोरॉन पिनहोलमधून पलीकडे पोचायच्या आत संपतो, त्यामुळे पलीकडे निव्वळ रेडॉनच उरायला हवा.

आधी संशय गॅस्केटवर. झाकणं उघडली, सील तपासलं, ठीक होतं. मग स्वतःवर. मायक्रोस्कोपखाली तीच फिल्म तीनदा मोजली; फरक किरकोळ. शेवटी वैतागून दोन्ही फिल्म उजेडाला धरल्या, तर दुसऱ्या कप्प्यातली स्पष्ट फिकट लाल! गेजवर उरलेली जाडी मोजली: एक ५.६ मायक्रॉन, दुसरी ४.२. तिचा थर जास्त खरवडला गेला म्हणून तिचे ट्रॅकही जास्त दिसले.

२.५ नॉर्मल कॉस्टिक, ६० अंश, ९० मिनिटं, सगळं नेमानं केलं होतं. पण थर्मामीटर बीकरमध्ये वर लोंबकळत होता आणि दुसऱ्या कप्प्याच्या फिल्म तळाशी होत्या. तळाला ६३ भरले. या स्वस्त हॉटप्लेट चहा गरम करायच्या लायकीच्या, एचिंगच्या नाहीत. आता वॉटरबाथ आणि ढवळणी, तडजोड नाही.

जाड राहिलेल्या फिल्म पुन्हा घालून, सतत ढवळत ४.२ वर आणल्या. थोरॉन धन झाला! (मी एकटाच टाळ्या वाजवल्या.) अर्थात कॅलिब्रेशन ५ मायक्रॉन उरलेल्या जाडीचं असल्यानं आकडा इथे देत नाही.

रेडॉनचं तेवढं सरळ. डिजिटल मॉनिटरची सरासरी ४० बेकरेल प्रति घनमीटर. समतोल गुणांक (वायूच्या तुलनेत हवेत त्याची अपत्यं किती, ते सांगणारा) ०.४, घरात ७,००० तास, ९ नॅनोसिव्हर्टचा गुणक, म्हणजे वर्षाला साधारण १ मिलिसिव्हर्ट डोस.

पुढची फेरी तशीच लावणार होतो, पण लिहितानाच वाटतंय, थोरॉन वायू मोजून डोसला काय मिळणार? भिंतीपासून वीतभर सरकलं की आकडा बदलतो, त्याला रेडॉनसारखा ०.४ लावता येत नाही. डोस देतात ती त्याची अपत्यं, म्हणजे त्याच्या क्षयातून बनणारी मूलद्रव्यं, आणि त्यांतलं १०.६ तासांचं शिसं-२१२ खोलीभर पसरतं. मग फिल्मवर ५० मायक्रॉनचं ॲल्युमिनाइज्ड मायलर (ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेलं पातळ प्लास्टिक) चढवून, कमी ऊर्जेच्या अल्फा त्यात अडवून, त्या शिशापासून पुढे बनणाऱ्या पोलोनियम-२१२ च्या ८.७८ एमइव्ही ऊर्जेच्या अल्फाच का टिपू नयेत? कपांच्या शेजारी तसे चार तुकडे लावतो. मायलर कुठल्या पुरवठादाराचं घेता, जाडी खरी भरते का, तेवढं सांगा.