आज्जीचा फोटो फुटू नये म्हणून

आज्जीच्या वर्षश्राद्धाआधी तिचा फोटो मोठा करून सोप्यात लावायचा, असं ठरलं. आत्यानं वाईच्या गणपती घाटावर काढलेला, घरच्या ग्रुपवर आलेला फोटो. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या स्टुडिओत दाखवला, तर तिथले काका बघताक्षणी म्हणाले, "ताई, 12 बाय 18 इंचाला हा फुटणार, धुरकट दिसणार."

मला पटेना. घरी गिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये इंचाला किती पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक कण, हा 72 चा आकडा नुसता 300 केला. पिक्सेल होते तेवढेच राहिले. मग पिक्सेलच वाढवले. कपाळावरच्या गोंदणाचे ठिपके एकमेकांत मिसळून हिरवट डाग झाला आणि पांढऱ्या केसांभोवती बारीक चौकोन उठले. जेपेग हा फोटोच्या फाइलचा प्रकार चित्र 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकोनांत दाबतो. फोटो वाढवला की तेही वाढतात. जे फाइलमध्ये उरलंच नाही, ते सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजानं भरतं. अंदाजाचं गोंदण मला नको होतं.

मग आकडेमोड केली. ग्रुपवरचा फोटो 1200 बाय 1600, म्हणजे 12 बाय 18 च्या मापात कापल्यावर इंचाला जेमतेम 89 पिक्सेल. आत्याच्या फोनमधला मूळ फोटो 3000 बाय 4000 निघाला, म्हणजे इंचाला 222. छपाईला 300 म्हणतात खरं, पण भिंतीवरचा फोटो चार-पाच फुटांवरून बघायचा, 222 पुरतात. "आत्या, फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव," एवढं सांगितलं आणि फाइल आहे तशी आली.

जेपेग बदलून पुन्हा सेव्ह केला की दर वेळी थोडा तपशील जातो. म्हणून उजेड, काटछाट सगळं मूळच्या नकलेवर केलं, मधली फाइल टिफ या तपशील न गमावणाऱ्या प्रकारात ठेवली आणि जेपेग शेवटी एकदाच काढला, क्वालिटी 95 ला. फ्रेमची पट्टी कडा झाकते, म्हणून पदराच्या बाजूला जागा सोडली.

पाहुण्यांना पाठवायला छोटा फोटो केला, तर लुगड्याच्या बारीक चौकड्यांत लाटा उठल्या! इंटरपोलेशन, म्हणजे माप बदलताना नवे पिक्सेल कसे काढायचे ती सेटिंग, 'नन'वर राहिली होती. मधले पिक्सेल नुसतेच गाळले जात होते. 'क्युबिक' निवडलं, लहान झाल्यावर किंचित शार्प केलं, चौकड्या सरळ आल्या.

फ्रेम आली त्या दिवशी आईनं काचेवर बोट ठेवून गोंदणाचे ठिपके मोजले. पाचही दिसतात. मूळ फाइल आता माझ्या लॅपटॉपवर आणि पेन ड्राइव्हवरही आहे. तिला हात लावायचा नाही. लागेल तेव्हा नक्कल काढायची.